दोन ग

मुंतिलान गावाहून दगड आला तेव्हा अंगणात इतकी भांडी पसरली होती की तो टेकवायलाही जागा नव्हती. शेवटी बाग्योने कोंबड्यांचं खुराडं सरकवलं आणि टेम्पोतल्या दोघांनी गोणपाटात गुंडाळलेला दगड भिंतीशी उभा केला.

"सांभाळून," विचाक्सोनो ओट्यावरून म्हणाला. "अक्षरं नाजूक आहेत."

"दगडात कोरलेली अक्षरं, आणि नाजूक!" बाग्यो म्हणाला. "मास, मग आमच्यासारख्यांनी काय करायचं?"

'मास', म्हणजे दादा, अशी हाक मारणाऱ्या बहिणीच्या नवऱ्याला उत्तर न देण्याची विचाक्सोनोला सवय होती. तो खाली उतरला आणि स्वतःच सुतळी सोडू लागला.

प्रोफेसर मार्सुदींना जाऊन आज हजारावा दिवस होता. एवढ्या दिवसांत कबरीवरची माती पुरती बसते, म्हणून दगड आता. घाई केली तर तो कलतो. संध्याकाळी नमाजानंतर आळीतले पुरुष प्रार्थनेला येणार होते. विद्यापीठाचे कुलगुरूही येणार होते आणि नव्या प्रयोगशाळेला प्रोफेसरांचं नाव देण्याचं तेच जाहीर करणार होते. दगड उद्या सकाळी बसायचा होता. हे सगळं थोरल्या मुलाने, औषधनिर्माण विभागाचा डीन असलेल्या विचाक्सोनोने, जमवून आणलं होतं. ते त्याने मनापासून केलं नव्हतं, असं म्हणणं अन्यायाचं होईल.

केळीची पानं घेऊन पालुपी विहिरीकडून आली ती दगडापाशी थांबली. वर आजोबांचं नाव होतं, खाली दोन वर्षं, जन्माचं आणि मृत्यूचं. त्याखाली कारागिराने एक कंद कोरला होता, त्याची मुळंसुद्धा दिसत होती. आणि कंदाखाली लॅटिनमध्ये, तिरप्या अक्षरांत, दोन शब्द: कुर्कुमा झेडोआरिया. म्हणजे कचोरा.

पालुपीच्या हातातली पानं ओली होती. त्यांचं पाणी तिच्या पायांवर पडत होतं आणि तिला ते कळत नव्हतं. ती हे उद्या सांगणार होती. उद्या, पाहुणे गेल्यावर, आईला एकटीला गाठून. तसं तिने महिनाभर मनात घोळवून ठेवलं होतं.

"पाकदे," ती मामाला म्हणाली, "हा दगड बसवू नका."

"काय?"

"निदान उद्या नको. हे नाव खोटं आहे."

"तुझ्या आजोबांचं नाव?"

"त्यांच्या खालचं."

विचाक्सोनोच्या हातातली सुतळी तशीच राहिली. त्याने आधी अंगणाच्या दाराकडे पाहिलं. तिथे फक्त टेम्पोवाले होते, आणि बाग्यो त्यांना चहासाठी थांबवत होता.

"आत चल," विचाक्सोनो म्हणाला.

*

आतल्या खोलीत हस्तुती चटईवर बसून आपेमची ताटं लावत होती. तांदळाचे ते पांढरे पोळे एकावर एक रचताना कडा जुळाव्या लागतात, आणि शाळेत तीस-पस्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईला कडा न जुळलेल्या खपत नाहीत. भाऊ आणि मुलगी एकापाठोपाठ आत आले तेव्हा तिने दोघांचे चेहरे पाहिले आणि हातातलं ताट खाली ठेवलं.

"हस्तुती, तुझी मुलगी काय म्हणतेय ऐक."

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, आपल्या बापाकचं संशोधन खोटं आहे."

"मी तसं नाही म्हटलं! मी म्हटलं, नाव खोटं आहे."

"मग तुझ्या निबंधात काय लिहिलंयस ते सांग आईला. सांग ना. मला संपादकाचा फोन आला होता, पालुपी. तुला वाटलं मला कळणार नाही?"

हे पालुपीला ठाऊक नव्हतं. ती एकदम सगळंच बोलून मोकळी झाली. छापायच्या आधीची शेवटची प्रत तिच्याकडे आली होती. सोमवारपर्यंत ती परत पाठवायची होती. निबंधात तिने लिहिलं होतं की मार्सुदी यांचा मूळ दावा, कचोऱ्याच्या कंदाचा अर्क यकृताच्या पेशींना विषापासून वाचवतो हा, पुन्हा प्रयोग करून पाहता टिकत नाही.

हस्तुतीला पहिल्यांदा राग आला तो मुलीचाच.

"आज? आजच्या दिवशी? आजोबांच्या, तुझ्या काकुंगच्या, जेवणाच्या दिवशी तुला हे सुचलं?"

"मी आज सांगणार नव्हते. पण पाकदेंनी ते दगडावर कोरून आणलंय!"

"मग कोरू दे. हजार दिवस तुझ्या मामाने धावपळ केली. त्या माणसाने तुला अंगाखांद्यावर खेळवलं. कचोरा नि फचोरा..."

"इबू, मी इतकी वर्षं हेच केलं. हेच! पहिल्यांदा वाटलं, पाणी वाईट आहे. मग वाटलं, पेशी म्हाताऱ्या झाल्यात. मग खात्रीच पटली की माझे हातच वाईट आहेत. पाकदे, तुम्हीच म्हणालात ना? तुमच्या ऑफिसात बसवून, चहा पाजून? 'पालुपी, काहींचा हात प्रयोगशाळेत बसायला वेळ लागतो.' मी त्या दिवशी स्कूटर ढकलत घरी आले होते. पेट्रोल संपलं म्हणून सांगितलं सगळ्यांना. पेट्रोल होतं. मला चालवता येत नव्हती, इतकी रडत होते."

विचाक्सोनो हातातली सुतळी बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"मग मी एकेक निबंध काढून वाचला. हा म्हणतो, मार्सुदींनी दाखवल्याप्रमाणे कचोऱ्याचा अर्क पेशी वाचवतो, आणि निघाला पुढे. दुसरा पहिल्याचा आधार घेतो. तिसरा दोघांचा. एकाने अर्कातला घटक शोधला, एकाने तो उंदराला पाजला, एकाने मात्रासुद्धा ठरवली. आणि मूळ प्रयोग? तो परत कुणीच केला नाही! शाळेत मुलाने शेजाऱ्याचं बघून लिहिलं तर तू त्याला वर्गाबाहेर काढतेस, इबू. आमच्यात त्याला संदर्भ म्हणतात."

"सगळेच कसे असे असतील?" हस्तुती म्हणाली, पण तिचा आवाज उतरला होता.

"काहींनी करून पाहिला असणार. त्यांना जमला नाही. मग ते गप्प बसले. न जमलेलं कोण छापतं? थायलंडमधल्या चिआंग माईच्या एका संशोधक बाईंना मी घाबरत घाबरत विचारलं. त्यांचं उत्तर आलं, 'आमचाही चालला नव्हता, आम्हाला वाटलं आमचंच काहीतरी चुकतंय.' म्हणजे बघ, तिकडे त्या रडत होत्या, इकडे मी रडत होते, आणि पुस्तकात मात्र सगळं छान चाललंय!"

दारात बाग्यो येऊन उभा राहिला होता. त्याचा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रकं छापता छापता त्याला एक गोष्ट कळली होती, ती त्याने आता सांगितली. "एकदा चुकीचा ठसा तयार झाला की सगळ्या प्रती सारख्याच चुकतात. आणि सारख्या असल्या की लोकांना बरोबर वाटतात."

"बाग्यो, तू यात पडू नकोस," विचाक्सोनो म्हणाला.

"मी कुठे पडतोय मास, मी दारात उभा आहे."

"इथे बापाकच्या अब्रूचा प्रश्न आहे!" आता विचाक्सोनोचा आवाज चढला. "त्या माणसाकडे काय होतं? एक चूल, चार काचेची भांडी. वीज दुपारी जायची. तशात त्यांनी काम केलं, आणि आज जगभर त्यांचा संदर्भ देतात. आणि त्यांच्याच नातीने, त्यांच्याच पैशावर शिकून, जगाला ओरडून सांगायचं की म्हातारा चुकला? कशासाठी? स्वतःच्या पदवीसाठी!"

"मग काय करू? खोट्यावर अजून एक खोटं रचू?"

"थांबायचं! काही वर्षं थांबायचं. सगळ्या गोष्टी आपल्याआपण दुरुस्त होतात."

"कशा होतात, पाकदे? कोण करतं त्या दुरुस्त?"

हस्तुतीला भावाचं पटत होतं. निदान या क्षणापर्यंत तिला ते पटत होतं. वडिलांचा दोष मुलीच्या हातून छापला जावा, ही कल्पनाच तिला सहन होईना. ती तसं बोलणार होती. तोंड उघडलंही होतं. पण आतून एक शब्द सारखा अडत होता, घशात काटा अडकावा तसा, आणि तो अपमानाचा किंवा दुःखाचा नव्हता. तो साधा एका मुळाचा होता.

"पालुपी," ती म्हणाली, "बापाकनी कचोरा लिहिलं होतं, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? सगळीकडे तेच आहे."

"सगळीकडे नको. बापाकच्या निबंधात?"

"इंग्रजी गोषवाऱ्यात आहे. परदेशातल्या संग्रहात छापलेला. सगळे त्याचाच आधार घेतात."

"गोषवारा नव्हे ग. निबंध. आपल्या भाषेतला. तू तो वाचलास का?"



"तो... तो ऑनलाइन नाही. ग्रंथालयातल्या जुन्या गठ्ठ्यांत आहे. मागितला होता मी. त्यांनी सांगितलं, डीनची सही लागेल, आणि..." ती मामाकडे पाहून थांबली. मग मान खाली घालून म्हणाली, "नाही. नाही वाचला."

खोलीत आपेमचा गोडसर वास भरला होता.

"मी टाइप केलाय तो," हस्तुती म्हणाली.

*

विचाक्सोनोला ठाऊक होतं की हे आज ना उद्या येणार. पण ते हस्तुतीकडून येईल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. हस्तुती तेव्हा शाळेत होती. व्हरांड्यात जुन्या टाइपरायटरपुढे बसून ती एका बोटाने टकटक करायची, हे त्याला आठवत होतं. पण ती काय टाइप करत होती हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तेव्हा तो बोगोरला शिकत होता. घरात त्याच्याइतकं इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. बापाक जुन्या पद्धतीने डच शिकलेले; इंग्रजीपुढे ते लाजायचे. त्यांनी टपालाने चार ओळी पाठवल्या: कुनिर पुतिहचा अर्क, अशी अशी क्रिया, हे इंग्रजीत करून त्या संग्रहाकडे पाठव, घाई आहे.

कुनिर पुतिह. पांढरी हळद. त्याने इंग्रजी कोश उघडला, पांढरी हळद काढली, पुढे लॅटिन नाव होतं झेडोआरिया, ते उतरवलं. बोगोरच्या बाजारातही पांढरी हळद मागितली की कचोराच द्यायचे. इथे योग्या शहरात मात्र त्याच शब्दाने दुसरंच मूळ हातात येतं, हे त्याला माहीत असायला हवं होतं. लहानपणापासून तो तेच खात आला होता. पण खाण्याच्या ताटातलं मूळ आणि कोशातलं मूळ यांची त्याच्या मनात कधी गाठच पडली नव्हती.

ही चूक पोराची होती, आणि पोराची चूक माफ करता येते. पुढचं मात्र माफ करण्यासारखं नव्हतं, आणि हे तो स्वतःशी अनेकदा बोलला होता.

बँकॉकच्या एका परिषदेत एक म्हातारे जपानी प्राध्यापक त्याच्या शेजारी जेवायला बसले होते. त्यांनी फार अदबीने विचारलं, तुमच्या वडिलांच्या त्या मुळाला वास कसला येतो? त्याने पुस्तकातलं सांगितलं: कापरासारखा. म्हातारे काही वेळ भात चिवडत राहिले. मग म्हणाले, मी तुमच्या वडिलांचा मूळ निबंध भाषांतर करवून घेतला होता, त्यात आंब्याचा वास म्हटलंय. तुम्हीच दुरुस्त करा. तुमच्या घरातली गोष्ट आहे.

तो परत आला, ग्रंथालयात गेला, निबंध उभ्या उभ्या वाचला आणि परत ठेवला. नंतर कधीतरी जुन्या गठ्ठ्यांसाठी डीनची सही लागेल असा नियम केला. नियम सगळ्याच गठ्ठ्यांना होता. त्यामुळे तो स्वतःला म्हणू शकत होता की त्यात विशेष काही नाही.

"काय टाइप केलंस?" पालुपी आईला विचारत होती.

"निबंध. सगळा. त्या यंत्राचं 'ग' अडकायचं. एकदा दाबलं की खाली जाऊन बसायचं, मग नखाने उचलायला लागायचं. आणि बापाकच्या त्या मुळाच्या नावात दोन ग होते, एकापुढे एक. मांग्गा. कुर्कुमा मांग्गा. प्रत्येक पानावर चार-चारदा! माझं नख मोडलं होतं. मी रडले, तर बापाक म्हणाले, हस्तुती, एक ग कमी केलास तर ते आपलं मूळ राहणार नाही." हस्तुतीने भावाकडे पाहिलं. "कचोरा नव्हता तो, मास. आंब्याच्या वासाचं. आपलं कुनिर पुतिह."

"चाळीस वर्षांपूर्वीचं तुला काय आठवतंय," विचाक्सोनो म्हणाला.

"मला नख आठवतंय."

"मुलींना कायकाय आठवतं. कदाचित दुसऱ्या निबंधाचं असेल. बापाकनी नंतर लवंगेच्या पानांवरही..."

"लवंगेत कुठे दोन ग आहेत?" बाग्यो दारातून म्हणाला.

आणि हसू कुणालाच आलं नाही. कारण पालुपी आता मामाकडे पाहत होती, आणि ते पाहणं भाचीचं नव्हतं. बशीतल्या पेशी जगल्या की मेल्या हे बघताना माणूस जसं बघतो, तसं ती पाहत होती.

"पाकदे, तुम्हाला माहीत होतं."

"मला काय माहीत असणार!"

"तुम्ही विचारलं नाहीत, 'असं कसं होईल' म्हणून. इबू बोलली तेव्हा बाबांना नवल वाटलं, मला वाटलं. तुम्हाला नाही वाटलं. तुम्ही लगेच म्हणालात, तुला काय आठवतंय."

विचाक्सोनो खाली चटईवर बसला. बसायचं असं त्याने ठरवलं नव्हतं.

"गोषवारा मी केला होता," तो म्हणाला. "मी लहान होतो."

"आणि नंतर?" हस्तुतीने विचारलं. "नंतरही लहानच होतास?"

"नंतर मी काय करणार होतो? तोवर किती लोकांनी त्यावर काम केलं होतं! कुणाची पदवी, कुणाची नोकरी. एक वीट काढली तर..."

"माझी पदवी नव्हती का त्यात?" पालुपी ओरडली. "मी तुमच्यासमोर बसले होते! तुमच्या टेबलापलीकडे! तुम्हाला ठाऊक होतं की मी चुकीचं मूळ वाटतेय, आणि तुम्ही मला सांगितलंत की माझे हात वाईट आहेत!"

"वाईट म्हटलं नव्हतं मी. वेळ लागतो म्हटलं."

"आणि दगड?" हस्तुती उठून उभी राहिली. आपेमचं ताट तिच्या पायाने उपडं झालं, पण तिने पाहिलंही नाही. "ठीक आहे, निबंधांचं जाऊ दे. दगडावर का कोरलंस, मास? माहीत असून? बापाकच्या छातीवर तू तुझी चूक ठेवणार होतास?"

"जग त्यांना त्याच नावाने ओळखतं, हस्तुती."

हे वाक्य त्याने अगदी हळू उच्चारलं. ते खरंही होतं. कदाचित म्हणूनच ते इतकं वाईट वाटलं.

*

सुमिराह, विचाक्सोनो आणि हस्तुतीची आई, स्वयंपाकघरातून आली तेव्हा तिच्या हातात पितळी ताट होतं. संध्याकाळच्या ताटांत कोंबडीबरोबर द्यायला तिने मिरचीचं वाटण केलं होतं आणि सोबत कच्च्या मुळाच्या चकत्या कापल्या होत्या. मघाशीच विहिरीमागच्या वाफ्यातून काढलेल्या. बाहेरून पांढरट, आतून फिकट पिवळ्या. ताट आत आलं आणि खोलीत कैरी चिरल्यासारखा वास पसरला.

ती किती वेळ दाराआड होती, हे कुणालाच कळलं नाही. पालुपी आजीकडे धावली.

"उती, बसा. तुम्हाला कुणी..."

"बसते, न्दुक. आधी हे ठेवू दे."

तिने ताट चटईच्या मधोमध ठेवलं, सांडलेले आपेम एकेक करून उचलले, झटकले, बाजूला ठेवले. मग बसली.

"एकदा जपानहून एक निबंध आला होता," ती म्हणाली. "तुमच्या काकुंगचं नाव होतं त्यात. त्यांनी शब्दकोश घेऊन दोन दिवस वाचला. मग मला म्हणाले, सुमिराह, हे कुठल्यातरी दुसऱ्याच मुळाबद्दल आहे, चुकून माझं नाव पडलंय. मी म्हटलं, कळवा त्यांना. म्हणाले, माझं इंग्रजी वाचून हसतील. विचाक आला की त्याला सांगू, तो कळवील."

ती मुलाकडे वळली.

"सांगितलं होतं का त्यांनी?"

विचाक्सोनोने मान हलवली. हो म्हणून.

"कधी?"

"इबू..."

"आपण उत्तर द्यावं," सुमिराह म्हणाली.

हस्तुतीने श्वास रोखला. आईने आपल्या मुलाला 'आपण' म्हटलं होतं. परक्याशी, दारात आलेल्या मोठ्या अधिकाऱ्याशी बोलतात त्या भाषेत, एकेक शब्द निवडून, आवाज न चढवता. या घरात तिने मुलांना रागावताना झाडू हाणला होता, शिव्या दिल्या होत्या, पण ही भाषा कधी वापरली नव्हती. विचाक्सोनोचा चेहरा असा झाला की बाग्योनेसुद्धा नजर वळवली.

"बँकॉकच्या परिषदेच्या आधी," तो म्हणाला. "मी म्हटलं, कळवतो. आणि राहून गेलं. नंतर तिथे एका जपानी प्राध्यापकांनीही सांगितलं. तेव्हा मात्र राहून गेलं नाही. तेव्हा मी ठरवून गप्प बसलो."

"आपल्याला आम्ही शिकवलं ते कशासाठी, हे आपण सांगू शकाल का?"

"इबू, असं बोलू नका माझ्याशी."

"माझे यजमान पुढचं पाऊल टाकण्याआधी मागच्या माणसाचं काम स्वतः करून बघायचे. कुण्या डच माणसाने पन्नास वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं. मी म्हणायचे, त्याने केलंय ना, तुम्ही कशाला लाकडं जाळता? ते म्हणायचे, त्याच्यावर अविश्वास नाही, पण मला त्याच्या ओळीपुढे ओळ लिहायची तर त्याची ओळ मला वाचता आली पाहिजे. त्यांच्या कबरीवर उद्या तो दगड बसणार आहे. आपण त्या दगडाचं काय करावं म्हणता?"

विचाक्सोनोने ताटातली एक चकती उचलली. तोंडात घातली नाही. नुसती हातात धरून बसला.

पालुपीचा राग अजून गेला नव्हता. तो इतक्यात जाणारही नव्हता, आणि तिला तो जायला नकोच होता. पण त्या रागात आता एक जागा अशी होती जिथे ती स्वतःच उभी होती. तिने जगभरच्या माणसांवर तोंडसुख घेतलं होतं की कुणी खाली जाऊन पाहत नाही. तिने स्वतः विहिरीमागे वाकून पाहिलं नव्हतं. सही लागेल म्हटल्यावर ती परत फिरली होती. ज्या मुळाने तिला इतकी वर्षं छळलं ते शेजारच्या वाफ्यात आंब्याच्या वासाने उभं होतं, आणि ती बाजारातून कचोरा किलोने आणत होती.

"उती," ती म्हणाली, "मी पण नाही वाचलं. मी छापून टाकणार होते, काकुंग चुकले म्हणून."

"मग आता काय करशील?"

"निबंध छापायचा थांबवीन. ते वाक्य काढीन. खरं मूळ घेऊन प्रयोग पहिल्यापासून करीन."

"आणि तेही चाललं नाही तर?" विचाक्सोनोने विचारलं. त्याच्या आवाजात डीन नव्हता.

पालुपीने आजीकडे पाहिलं.

"तर तसं लिहीन," ती म्हणाली. "काकुंगच्या मुळावर काकुंग चुकले असतील तर तसंही लिहीन. पण तुमच्या मुळावर त्यांना दोष देणार नाही."

सुमिराहने ताट नातीकडे सरकवलं. मग म्हणाली, "बरोबर आहे. त्यांना आवडलं असतं."

"गोषवाऱ्याचं मी लिहू का?" विचाक्सोनो म्हणाला. "तुझ्या निबंधात? माझं नाव घालून, दोघांचं..."

"नाही," पालुपी म्हणाली. "तुमचं तुम्ही लिहा. वेगळं."

*

प्रार्थना झाली. ओट्यावर आणि पुढच्या खोलीत माणसं मांडी घालून बसली होती, केळीच्या पानांत भात, कोंबडी, आपेम वाटले जात होते. बायका आतल्या दाराशी होत्या. कुलगुरू भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मिरचीच्या वाटणात एक चकती बुडवून तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"वा! कुनिर पुतिह. आमची आई रोज द्यायची. हा आंब्याचा वास दुसऱ्या कशालाच नाही." मग घसा साफ करून ते सगळ्यांकडे वळले. "मंडळी, आज आपण ज्यांच्यासाठी जमलो, त्या प्रोफेसर मार्सुदींनी कचोऱ्यावर जे काम केलं..."

"हे ते मूळ, पाक," विचाक्सोनो म्हणाला.

कुलगुरू थांबले. "कोणतं?"

"तुमच्या हातातलं. माझ्या वडिलांनी कामाला घेतलं होतं ते हे. कचोरा नव्हता. कचोरा मी लिहिलं. त्यांच्या चार ओळी इंग्रजीत करताना चुकलो, आणि पुढे कळल्यावरही गप्प बसलो. जगात त्या नावाखाली जे काही उभं आहे, ते माझ्या चुकीवर उभं आहे. त्यांच्या कामावर नाही. त्यांचं काम अजून कुणी करूनच पाहिलेलं नाही. मी हे लेखी कळवणार आहे. त्यानंतर प्रयोगशाळेला नाव द्यायचं की नाही ते विद्यापीठाने ठरवावं. आणि डीन कोण असावा, तेही."

कुणीतरी पाण्याचा पेला खाली ठेवला, त्याचा आवाज झाला. मग आळीतला एक म्हातारा, ज्याला यातलं फारसं काही समजलं नव्हतं, मोठ्याने म्हणाला, "म्हणजे मार्सुदी बरोबर होता ना?"

"निदान नाव त्यांनी बरोबर लिहिलं होतं," विचाक्सोनो म्हणाला.

"मग झालं तर. वाटण इकडे द्या."

दाराआड सुमिराहने पदराने तोंड पुसलं. मुलगा रिकामं ताट घेऊन आत आला, तिच्यासमोर उभा राहिला. तिने ताट त्याच्या हातातून घेतलं.

"जेवलास का?" तिने विचारलं. बस एवढंच. पण ते 'आपण' नव्हतं, आणि विचाक्सोनोला तिथून हलता येईना.

अंगणात बाग्योने दगड फिरवून त्याचं तोंड भिंतीकडे केलं होतं. मागची बाजू कोरी आणि गुळगुळीत होती. टेम्पोवाल्यांना त्याने जेवायला बसवून घेतलं होतं, त्यामुळे दगड परत न्यायचा प्रश्न सुटला होता. आता तो मुंतिलानच्या कारागिराशी फोनवर बोलत होता.

"उद्या नको हो, सावकाश करा. माती बसलेली आहे, ती कुठे जात नाही. मागच्या बाजूला कोरायचं. कंद तसाच, नाव बदलायचं. कुर्कुमा तेच. पुढे मांग्गा. हो, आंबा. नाही, विनोद नाही करत. मांगा नव्हे, मांग्गा... अहो, कसं सांगू तुम्हाला..."

हस्तुतीने मागून येऊन फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"दोन ग," ती म्हणाली. "लिहून घ्या. दोन. आणि कोरायच्या आधी मला वाचून दाखवा."